ज्येष्ठेच्या कपाळावरची चीर

आमच्या घरापासून म्युझियम ऑटोनं वीस मिनिटांवर आहे. लग्न होऊन मी इंदूरला आले त्याला एकतीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तिथे एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. पाहुणे आले की त्यांना राजवाडा दाखवायचा, सराफ्यात खायला न्यायचं, छप्पन दुकानला चक्कर मारायची. कोणी म्युझियमचं नाव काढलंच तर मी म्हणायचे, "तिथे काय बघायचंय, फुटकी मडकी?" आणि विषय बदलायचे.

खरं कारण वेगळं होतं. त्या म्युझियममध्ये आमच्या घरातली एक वस्तू आहे, आणि ती माझ्यामुळे तिथे गेली असं घरात सगळे मानत होते. स्वतःच्या हातचा गुन्हा तिकीट काढून कोण बघायला जाईल?

पहिल्यापासून सांगते. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडचे गौरी म्हणतात, आम्ही इंदूरवाले महालक्ष्म्या. दोघी बहिणी, थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा. लोखंडी स्टँडला साड्या नेसवायच्या, दागिने घालायचे आणि वर पितळेचे मुखवटे बसवायचे. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवतात, तिसऱ्या दिवशी निघतात. आमचे मुखवटे चार पिढ्यांचे होते. सासूबाई सांगतात की त्यांच्या आजेसासूबाई ज्येष्ठेला 'मोठ्या बाई' अशी हाक मारायच्या, जणू घरातलंच माणूस.

माझं माहेर खंडव्याचं, आणि तिथे खड्यांच्या गौरी. नदीवरून पाच खडे आणायचे, पुजायचे, परत नदीत सोडायचे. काम खलास. मुखवटा मी सासरीच पहिल्यांदा हातात धरला. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. तिसऱ्या दिवशी निरोप झाल्यावर सासूबाईंनी मला मुखवटे चिंचेनं घासून पेटीत ठेवायला सांगितले. मी घासले, पुसले, जुन्या सुती लुगड्यात एकेक गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि कडी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी ती पेटी माळ्यावर चढवली. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, मीही. दुपारी सासूबाईंच्या लक्षात आलं की ज्येष्ठेची नथ बाहेरच राहिली. पेटी पुन्हा उतरवली, लुगडं उलगडलं, तर ज्येष्ठेच्या कपाळापासून नाकापर्यंत चीर, आणि नाक एका बाजूला दबलेलं.

"पेटी कोणी भरली?" सासूबाईंनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

बस, फैसला झाला. मी शपथेवर सांगत होते की मी पाडला नाही, आपटला नाही, वर काही ठेवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग काय देवीनं स्वतःच डोकं आपटून घेतलं?" चोवीस वर्षांची होते, चार महिन्यांची नवरी.

भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, नर्मदेत सोडू, पण म्हणता म्हणता रडायला लागल्या. अण्णा कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांनी सुचवलं की पाण्यात कशाला, म्युझियमवाले जुन्या वस्तू मागताहेत, त्यांना देऊ, निदान दोघी एकत्र तरी राहतील. जोडी फोडायची नाही म्हणून धडधाकट कनिष्ठाही दिली. बर्तन बाजारातून नवी जोडी आली. तिचे डोळे वटारलेले आहेत, आजतागायत मला ती आवडलेली नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी ठरून गेल्या. एक, मुखवट्यांना मी हात लावायचा नाही. सोळा भाज्या मी चिरायच्या, पुरण मी वाटायचं, साड्यांच्या निऱ्या मी घालायच्या, पण मुखवटे बसवायला नणंद देवासहून यायची. एवढ्या एका कामासाठी बाई बस पकडून यायची आणि दहा मिनिटांत काम आटोपून दोन दिवस माझ्या हातचं जेवायची. दुसरं म्हणजे, दर वर्षी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती गोष्ट सांगायची. सासूबाई रंगवून सांगायच्या. शेवटचं वाक्य ठरलेलं. मी शाळेत गणित शिकवते ना, म्हणून, "आमच्या सूनबाईंचं गणित पक्कं, पण हात कच्चा." बायका हसायच्या. मी कॉफीचे कप गोळा करत आत जायचे.

एकच गोष्ट एवढी वर्षं कानावर पडत राहिली की आपल्यालाही शंका यायला लागते. मीच तर नाही ना कडी लावताना झाकण जोरात आपटलं? मीच तर नाही ना चिंच घासताना दाबलं? कधीतरी पोळ्या लाटताना हात थांबायचा आणि मी ती संध्याकाळ पुन्हा आठवायला लागायचे.

त्या घरात माझ्या बाजूनं कोणी असेल तर ते अण्णा. रविवारी पोहे-जिलेबी आणायचे आणि पहिली प्लेट माझ्यापुढे ठेवायचे. मला बी.एड. करायचं होतं तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं, अण्णांनी स्वतः रांगेत उभं राहून फॉर्म आणला. सासूबाई महालक्ष्मीची गोष्ट सुरू करायच्या तेव्हा ते उठून बाहेर तुळशीला पाणी घालायला जायचे, तिला सकाळी पाणी घातलेलं असलं तरी. मला वाटायचं, माझा अपमान त्यांना ऐकवत नाही. नऊ वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा मी माझ्या वडिलांसाठी रडले नव्हते तेवढी रडले.

मागच्या श्रावणात माझी लेक कॉलेजबरोबर म्युझियमला जाऊन आली. घरात शिरता शिरताच म्हणाली, "आजी, आपल्या महालक्ष्म्यांना काय मस्त लावलंय तिथे! नवीन गॅलरी केलीये. इतके दिवस त्या स्टोअरमध्ये पडल्या होत्या. बाजूला एक चिठ्ठी पण आहे फ्रेममध्ये, मराठीत, हातानं लिहिलेली. मला काही ती वाचता नाही आली." मुलगी इंग्रजी शाळेतली. छापील मराठी अडखळत वाचते, हातानं लिहिलेली तिच्यासाठी मुंग्यांची रांग.

सासूबाई एक्क्याऐंशीच्या आहेत. त्याही आजवर कधी तिथे गेल्या नव्हत्या. "देवीला घराबाहेर काढलं, कोणत्या तोंडानं भेटायला जाऊ?" असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मात्र जेवता जेवता म्हणाल्या, "एकदा भेटून येऊ गं. पुढच्या महालक्ष्म्या मी बघते की नाही, कुणास ठाऊक." ही धमकी त्या गेली दहा वर्षं देताहेत, पण न्यायचं कोणी? नवऱ्याला ऑफिस, लेकीची परीक्षा. मला शनिवारी सुट्टी. आलं माझ्याच गळ्यात.

गेलो. म्युझियम म्हणजे काय असतं ते मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. दारावर मोठी पाटी, आत बॅग तपासणारी बाई. तिनं सासूबाईंच्या पिशवीतून हळदीकुंकवाचा करंडा, ओटीचं खण-नारळ आणि डब्यातला साखरभात बाहेर काढला. "अम्मा, खाना अंदर नहीं जाएगा." सासूबाई म्हणाल्या, "बेटा, ये खाना नहीं है, नैवेद्य है." बाई चांगली होती. डबा आणि नारळ तिनं ठेवून घेतला, करंडा जाऊ दिला. आत गेल्यावर गॅलरीच्या दाराशी सासूबाईंनी चपला काढल्या आणि कडेला नीट जोडीनं ठेवल्या. खुर्चीवरचा गार्ड हसला. "अम्मा, मंदिर नहीं है ये, चप्पल पहन लो." त्यांनी काही चपला घातल्या नाहीत. गार गुळगुळीत फरशीवरून, माझा दंड धरून, अनवाणीच निघाल्या.

शस्त्रं, नाणी, पैठण्या, कुणाची तरी पालखी, सगळं पार करून शेवटच्या दालनात पोचलो. काचेच्या कपाटात, काळ्या मखमलीवर दोघी होत्या. वरून पिवळा दिवा. आधी मला ओळखूच आल्या नाहीत, कारण पदर नाही, नथ नाही, मळवट नाही. सासूबाई काचेला नाक लावून बघत होत्या.

"अगं बाई, नुसती डोकी ठेवलीत! अंगावर चिंधी नाही. निदान एक खण तरी पांघरायचा."

मग हळूच, "मोठ्या बाई, आले बरं का," म्हणाल्या. करंडा उघडून कुंकवाचं बोट काचेवरच टेकवलं, बरोबर ज्येष्ठेच्या कपाळासमोर. गार्ड उठायला लागला, मी हात जोडले, तो परत बसला. भला माणूस.

मी मात्र त्या चिरेकडे बघत होते. इतक्या वर्षांत माझ्या मनात ती वाढून केवढी झाली होती! प्रत्यक्षात बोटभर. खाली हिंदी-इंग्रजीत पाटी होती, पितळ, मराठी परिवार, वगैरे. शेजारी फ्रेममध्ये एक पिवळा पडलेला कागद आणि खाली नुसतं 'दाता का पत्र'. ओळी अशा सरळ की पट्टी धरून लिहिल्यात. ते अक्षर मी किराण्याच्या यादीपासून लेकीच्या बारशाच्या आमंत्रणापर्यंत सगळीकडे पाहिलेलं.

"अण्णांचं पत्र आहे," मी म्हटलं.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, एक व्हायचंय. "वाच," म्हणाल्या.

मी वाचायला लागले. "सविनय निवेदन की, सोबत दिलेले पितळी मुखवटे, नग दोन, आमचे घरी चार पिढ्या भाद्रपद मासी महालक्ष्मीपूजनात होते. पैकी थोरला ज्येष्ठेचा व धाकटा कनिष्ठेचा. दोघी बहिणी असल्याने त्यांस वेगळे करू नये, ही विनंती." मग पूजा कशी होते, नैवेद्याला काय असतं, कोणत्या दिवशी काय करतात, ते सगळं कचेरीच्या भाषेत. सासूबाई मान डोलावत होत्या. "किती नीट लिहायचे ना," म्हणाल्या.

पुढची ओळ मी मनात वाचली आणि थांबले.

"वाच ना पुढे. काय झालं?"

खोटं सांगणार नाही, एक क्षण वाटलं, इथेच 'कळावे' म्हणून टाकावं. एक्क्याऐंशीची बाई, नवऱ्याच्या अक्षराकडे बघून हसतेय. पण दुसऱ्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाचलं.

"ज्येष्ठेचे मुखवट्यास असलेली चीर पुरातन नाही, याची नोंद घ्यावी. उत्सवानंतर पेटी माळ्यावर चढविताना ती माझे हातून निसटून खाली पडली, त्यामुळे सदर चीर गेली आहे. यात घरातील अन्य कोणाचाही दोष नाही. खरी माहिती नोंदीस असावी म्हणून लिहून दिले. कळावे."

मी तेवढा भाग दोनदा वाचला. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

घरातील अन्य कोणाचाही. म्हणजे मी! अण्णांनी जन्मभर सरकारी कागदावर एक अक्षर खोटं लिहिलं नाही, ही त्यांची कचेरीत ख्याती होती. शिधापत्रिकेच्या फॉर्मवरसुद्धा माझं शिक्षण लिहिताना मला तीनदा विचारून घेतलं होतं. तेव्हा इथेही खोटं लिहिणं त्यांना जमलं नसणार. आणि घरात खरं बोलणं जमलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर दर रविवारी संन्याशाला जिलेबी आणून देत होता!

सासूबाई फ्रेमजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "हे त्यांचंच अक्षर आहे? नीट बघ."

"त्यांचंच आहे, आई. खाली सही आहे."

"सरकारला सांगितलं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "सरकारला सांगितलं, आणि मला नाही सांगितलं."

मला वाटलं आता त्या माझ्याकडे वळतील, काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "चल, पाय गार पडलेत."

दाराशी चपला होत्या तशाच होत्या. बाईकडून डबा आणि नारळ घेतला. ऑटोत माझं डोकं नुसतं भणभणत होतं. एक शब्द बोलावा ना माणसानं! एकच शब्द. मी बाहेर बघत बसले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पेटीचा कोपरा चेपलेला होता. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा कोपरा केव्हा चेपला. ते म्हणाले, जुनी पेटी आहे, शंभर पोचे असतील." एवढंच. घरी येऊन झोपल्या.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना, अण्णा आता नाहीत." हे बरं आहे. नसलेल्या माणसाला जाऊ द्यायचं, आणि असलेल्या बाईनं सोसायचं. अण्णांच्या फोटोला रोज मी हार घालते. दोन दिवस घातला नाही. तिसऱ्या दिवशी घातला, पण बोलले. म्हटलं, "भित्रे होतात तुम्ही. मला वडिलांसारखे वाटायचात आणि भित्रे होतात." मग रडू आलं, कारण बी.एड.चा फॉर्म आठवला. त्या मायेत अपराध किती आणि माया किती, हे मला आता कोण सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

महिनाभर घरात कोणी तो विषय काढला नाही. सासूबाई माझ्याशी नेहमीसारख्याच बोलत होत्या, भाजीत मीठ कमी, पंखा जोरात, दूधवाला लबाड. मी मनाशी ठरवलं होतं की या वर्षी हळदीकुंकवाला 'हात कच्चा' म्हणून तर बघा, सगळ्या बायकांसमोर पत्र तोंडपाठ म्हणून दाखवते. तोंडपाठ झालंच होतं.

महालक्ष्म्या यायचा दिवस उजाडला. मी पहाटेपासून कामाला. दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली, स्टँड उभे केले, साड्या नेसवल्या. दुपार झाली तरी नणंदेचा पत्ता नाही. मुहूर्त टळायला आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. "आई, ताईंना फोन करू का? निघाल्यात की नाही?"

"तिला मी सांगितलंय, उद्या जेवायला ये म्हणून," सासूबाई म्हणाल्या. पाटावर बसून त्या पेटीतलं लुगडं उलगडत होत्या. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालीत, त्यांना काही मुखवटा बसवता येत नाही. ज्येष्ठेचा मुखवटा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यापुढे धरला. "घे."

लेक ताम्हन घेऊन दारात उभी, नवरा घंटा हातात धरून. मी हात मागे घेतले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं नको त्या वेळी तोंडातून बाहेर पडलं.

"मला नको. निसटला तर? पुन्हा तीस वर्षं ऐकवाल."

"शुभ बोल गं," नवरा पुटपुटला.

सासूबाईंनी मुखवटा खाली ठेवला नाही. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "निसटू दे. निसटला तर म्युझियमला देऊ. अर्ज मी लिहीन. माझ्या हातून पडला, असं लिहीन." मग म्हणाल्या, "आणि घरातही तसंच सांगेन."

मी पदराला हात पुसले आणि मुखवटा घेतला. चांगला जड होता. नाकाच्या उंचीवर धरून स्टँडच्या खिळ्यावर बसवला, हलवून बघितला, पक्का बसला होता. सासूबाईंनी नथ पुढे केली, मी ती अडकवली.

"थोडी डावीकडे वळव," त्या म्हणाल्या. "धाकटीकडे बघू दे तिला."